पाख्या आणि त्याचा परदेशी जुळा

धरणगांवाच्या उत्तरेस तापी ओलांडली कीं सातपुड्याची रांग लागते. तेथील दाट रानांत जुन्या झाडांच्या ढोलींत दिवसभर निजणारा व रात्रीं झाडावरून झाडावर तरंगत जाणारा एक प्राणी आहे. सह्याद्रीकडे त्यास ‘पाख्या’ म्हणतात. पुस्तकांत तो मोठी उडणारी खार. खरें पाहतां तो उडत नाहीं, हवेंतून घसरत उतरतो.

अलीकडे शहरांतील हौशी मंडळी ‘शुगर ग्लायडर’ नांवाचा चिमुकला परदेशी प्राणी पाळतात आणि त्यासही उडणारी खार म्हणतात. हा प्राणी कांगारूच्या गोत्रांतला, पोटाच्या पिशवींत पिलें वाढविणारा, म्हणजे शिशुधान. ही चूक जुनीच आहे. 1792 सालीं रॉबर्ट कर यानें ह्याच्याच एका भाऊबंदास खारींत घातलें व नॉरफोक बेटाचें नांव दिलें. तो खार नव्हता, आणि त्या बेटावर राहातही नव्हता! पुढें वर्ग सुधारला. बेटाचें नांव मात्र चिकटून राहिलें. आजही हें काम संपलेलें नाहीं: 2020 सालीं शुगर ग्लायडर ही एक जात नसून तीन आहेत असें ठरलें.

मग ओळखावें कशानें? ग्लायडर शंभर-सव्वाशें ग्रॅमचा, पाख्या दीड-दोन किलोचा. पण पाख्याचें पिल्लू असल्यास वजन फसवितें. पिशवी केवळ मादीसच असते. खालच्या जबड्यांत दोघांसही पुढें दोनच लांब दांत. म्हणून वरचा ओठ उचलावा, अर्थात् जाड हातमोजे घालून. खारीस वर पटाशीचे दोनच दांत व मागें मोकळी जागा. शिशुधानास वर सहा. दांत फुटले नसतील तर मागचा पाय पाहावा. तो फसवीत नाहीं. शिशुधानाचें दुसरें व तिसरें बोट एकमेकांस जोडलेलें असतें आणि आंगठ्यास नख नसतें. खारीचीं बोटें सुटीं. शिवाय तिच्या मनगटापासून कूर्चेची एक काडी निघते व छत्रीच्या काडीप्रमाणें पडदा ताणून धरते. ग्लायडरास ती नाहीं.

पाख्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें छत्र आहे. तोडलेल्या झाडाच्या ढोलींतलें पिल्लू परदेशी समजून पिंजऱ्यांत ठेवणें हा गुन्हा होतो. बोटें सुटीं दिसलीं कीं तें वनखात्याच्या स्वाधीन करावें.