काळ्या डोळ्यांतला विरळा कर्करोग

नॉर्वे-डेन्मार्ककडे दहा लाख माणसांमागे वर्षाला आठाहून अधिक जणांना होणारा एक आजार दक्षिणेकडे, स्पेनपर्यंत येता येता दोनाच्या आत उतरतो. त्याचं नाव युव्हियल मेलॅनोमा. प्रौढांच्या डोळ्याच्या आत सुरू होणाऱ्या कर्करोगांत हाच सर्वांत जास्त आढळतो. गोरी कातडी आणि निळे-घारे डोळे असणाऱ्यांना त्याचा धोका अधिक. अमेरिकेतल्या नोंदींत आशियाई आणि कृष्णवर्णीयांमध्ये त्याचं प्रमाण दहा लाखांत अर्धंसुद्धा भरत नाही.

तरी तो होतो, आणि लवकर होतो. गोऱ्या रुग्णांचं सरासरी वय साठीच्या आसपास. भारतातल्या आणि चीनमधल्या मोठ्या नेत्ररुग्णालयांच्या नोंदींत मात्र ते पन्नाशीच्या अलीकडेच. म्हणजे ऐन कमावत्या वयात. गाठ बहुधा दुखत नाही. नजर धूसर होते, कडेला सावली दिसते, प्रकाश चमकून जातो, किंवा काहीच होत नाही. चष्म्याचा नंबर काढून ती सापडायची नाही. थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते, मग सोनोग्राफी. अर्थात, डॉक्टरांच्या मनात तशी शंका यायला हवी.

पूर्वी सरळ डोळाच काढत. मध्यम आकाराच्या गाठीसाठी डोळा काढला काय किंवा किरणोत्सारी चकती बसवली काय, रुग्णांच्या आयुर्मानात फरक पडत नाही, हे अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने 2001 मध्ये दाखवलं. अशा चकत्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने देशातच तयार केल्या. त्यांतलं रुथेनियम-106 येतं अणुभट्टीत जळून गेलेल्या इंधनाच्या कचऱ्यातून! बटणाएवढी ती चकती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बाहेरून टाके घालून बसवतात आणि ठरलेला वेळ झाला की काढून घेतात.

खरी अडचण पुढे असते. सुमारे निम्म्या रुग्णांत हा रोग कालांतराने शरीरात इतरत्र, बहुतेक वेळा यकृतात पोचतो. अशा पसरलेल्या आजारात आयुष्य वाढवणारं टेबेंटाफस्प हे औषध अमेरिकेत 2022 मध्ये मंजूर झालं. पण ते चालतं फक्त एचएलए-ए*02:01 हा ऊतिप्रकार असणाऱ्यांना. युरोपीय वंशाच्या जवळपास निम्म्या लोकांत तो असतो. भारतीयांत तो बराच कमी. आपल्याकडे त्याचं 02:11 हे भावंड अधिक दिसतं, आणि औषध काही त्याच्यासाठी घडवलेलं नाही. त्यामुळे या औषधाचा विचार करण्याआधी रुग्णाचं रक्त एचएलए तपासणीला पाठवावं लागतं.