चौदाव्या मजल्यावरची झोप

सागरी सहलीच्या मोठ्या जहाजावर लिफ्टमध्ये उभे राहून मजल्यांचे क्रमांक वाचीत जावे. अनेक जहाजांवर बारानंतर एकदम चौदा येतो! युरोप-अमेरिकेत तेरा अशुभ, म्हणून तो गाळलेला असतो. मजला मात्र गाळता येत नाही. चौदाव्यावर निर्धास्त निजलेला प्रवासी वस्तुतः तेराव्यावरच निजलेला असतो.

इटालियन माणसाला धास्ती सतराची. सतराचे रोमन अंक उलटसुलट मांडले, की 'मी जगलो', म्हणजेच 'आता मी नाही', अशा अर्थाचा लॅटिन शब्द होतो. म्हणून इटालियन वळणाच्या एमएससी कंपनीच्या कित्येक जहाजांवर तेरावा मजला असतो, सतरावा नसतो! चिनी कानाला चाराच्या उच्चारात 'मृत्यू' ऐकू येतो. आपला 'दुष्काळातला तेरावा महिना' भिववितो, तो मात्र आणखी महिनाभर पोट भरावयाचे म्हणून.

अशा भीतीने लक्ष भलतीकडे जाते. शुक्रवार, १३ जानेवारी २०१२ रोजी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज इटलीच्या जील्यो बेटाजवळ खडकावर आदळले. ३२ माणसे दगावली. तारखेला दोष देणे सोपे होते. परंतु कप्तानाने जहाज किनाऱ्याच्या फार जवळ नेले होते, आणि त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांची संकटकालीन कवायत अद्याप व्हावयाची होती. २०१५ पासून ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला.

तेव्हा जहाजावर चढल्यावर खोलीचा आकडा शुभ की अशुभ, हे पाहत बसू नये. आपली जीवरक्षक नौका कोठे आहे, ते आधी पाहावे.