भारतरत्न : सन्मान आणि त्याआधीची वर्षे

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



थोड्याच वेळात ह्या टेबलावरची बक्षिसे वाटली जातील. बक्षिसांच्या दिवशी देशातील सर्वांत मोठ्या बक्षिसाविषयी चार शब्द बोलावेत, असे चिटणीस साहेबांनी सुचविले. विषय मोठा आणि वेळ थोडा. तेव्हा मानकऱ्यांची संपूर्ण यादी मी वाचून दाखविणार नाही. २०२४ सालापर्यंत ती ५३ नावांची झाली आहे आणि सामान्यज्ञानाच्या कोणत्याही पुस्तकात ती सापडते. मला सांगायचे आहे ते असे की, हा सन्मान मिळण्यापूर्वीची ह्या माणसांची वर्षे कशी गेली आणि त्या वर्षांचा खर्च कोणी सोसला.

आधी सन्मान म्हणजे काय ते पाहू. भारतरत्नाची स्थापना २ जानेवारी १९५४ रोजी झाली. त्याच वर्षी राजगोपालाचारी, डॉ. राधाकृष्णन आणि सर सी. व्ही. रामन ह्या तिघांना तो प्रथम देण्यात आला. मूळ नियमांत पदक गोल आणि सोन्याचे ठरले होते. पुढे ते पिंपळाच्या पानाच्या आकाराचे झाले. पान ब्राँझचे, त्यावर प्लॅटिनमचा सूर्य आणि खाली देवनागरीत ‘भारतरत्न’ ही अक्षरे. लांबी सहा सेंटिमीटरांहूनही थोडी कमी, म्हणजे तळहातावर सहज मावेल एवढे. पांढरी फीत आणि राष्ट्रपतींच्या सहीची सनद. रोख रक्कम एक पैसाही नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. हा सन्मान नावाच्या आधी किंवा नंतर लावता येत नाही. इंग्रजांच्या राज्यात खानबहादूर, रावबहादूर अशा पदव्या मिळत आणि त्या माणसाच्या आधी घरात शिरत. आपल्या राज्यघटनेने १८व्या अनुच्छेदात अशा पदव्या बंद केल्या. मग भारतरत्न ही पदवीच नव्हे काय, असा वाद न्यायालयात गेला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा सन्मान आहे, पदवी नव्हे. मात्र तो नावाला जोडू नये. आपल्याकडे फलकांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर तो सर्रास जोडला जातो, ते सोडा. सांगायचे एवढेच की, ज्याला हा मान मिळतो त्याच्या हाती पैसा पडत नाही आणि नावही लांब होत नाही.

शिवाय हा मान बहुधा उशिरा येतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांना तो १९५८ साली मिळाला, तेव्हा त्यांनी वयाची शंभर वर्षे पुरी केली होती. कर्वे आपल्या कोकणातले, दापोली तालुक्यातील मुरूडचे. शाळकरी वयात एका सरकारी परीक्षेसाठी ते मुरूडहून पायी साताऱ्याला गेले आणि तेथील परीक्षकांनी, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. एस. टी. चुकली म्हणून शाळा बुडविणाऱ्या विद्यार्थी मित्रांनी ही हकीकत लक्षात ठेवावी! पुढे विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी हिंगण्यास आश्रम काढला, तेव्हा पुण्यातील प्रतिष्ठितांनी त्यांची काय संभावना केली ते त्यांच्या आत्मचरित्रात आहे. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले, त्यावेळी विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या. ‘एवढ्या चार मुलींसाठी कसले विद्यापीठ?’ असे विचारणारे तेव्हाही होतेच.

१९६३ साली दोघांना भारतरत्न मिळाले. एक महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे. तेही रत्नागिरी जिल्ह्याचेच आणि काही काळ रत्नागिरीच्या हायस्कुलात शिक्षक. धर्मशास्त्राचा इतिहास त्यांनी पाच खंडांत लिहिला. पहिला खंड १९३० साली निघाला आणि शेवटचा १९६२ साली. दुसरे डॉ. झाकिर हुसेन. त्यांच्याविषयी मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण राष्ट्रपती म्हणून त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे, शिक्षक म्हणून फार थोड्यांना.

झाकिर हुसेन यांचा जन्म १८९७ साली हैदराबादला झाला. वडील ते दहा वर्षांचे असताना वारले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत आई प्लेगने गेली. शिक्षण इटाव्याच्या शाळेत, मग अलीगढला. १९२० साली असहकाराची हाक आली, तेव्हा सरकारी मदतीवर चालणारे कॉलेज सोडून काही विद्यार्थी आणि शिक्षक बाहेर पडले आणि त्यांनी अलीगढमध्येच ‘जामिया मिल्लिया इस्लामिया’ काढली. झाकिर हुसेन त्यांतले एक. पुढे ते जर्मनीस गेले आणि बर्लिनहून अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेऊन १९२६ साली परतले. वय एकोणतीस. त्या काळी अशा माणसाला मोठ्या पगाराची नोकरी कोठेही मिळाली असती. त्यांनी जामियाचे कुलगुरुपद पत्करले, आणि तेव्हा जामिया म्हणजे दिल्लीच्या करोलबागेत भाड्याच्या जागेत कशीबशी चालणारी, केव्हा बंद पडेल याचा नेम नसलेली संस्था होती.

१९२७च्या अखेरीस संस्थेचे आधारस्तंभ हकीम अजमलखान वारले आणि पैशाचा ओघ आटला. तेव्हा तेथील शिक्षकांनी एकत्र येऊन लेखी शपथ घेतली की, वीस वर्षे आम्ही येथेच शिकवू आणि महिना दीडशे रुपयांहून अधिक वेतन घेणार नाही. दीडशे ही वरची मर्यादा होती. प्रत्यक्षात हाती पडे ते याहून कमी, आणि तेही वेळेवर पडेल याची खात्री नसे. मी स्वतः मास्तर आहे, त्यामुळे पगार लांबला म्हणजे वाण्याच्या दुकानासमोरून कसे जावे लागते ते मला सांगायला नको. झाकिर साहेब त्या संस्थेत बावीस वर्षे राहिले. त्यांतल्या कोणत्याही वर्षी कोणी त्यांना पदक देऊ केले नव्हते.

ओखल्याला जामियाच्या नव्या इमारतीची कोनशिला १ मार्च १९३५ रोजी बसविली. आपल्याकडे कोनशिलेसाठी मंत्री मिळेपर्यंत इमारत थांबते! तेथे ती बसविली शाळेतील सर्वांत लहान विद्यार्थ्याने. आणखी एक हकीकत सांगतात. मुले बूट न पुसता शाळेत येत. सांगून उपयोग होईना. एके दिवशी सकाळी पाहतात तो कुलगुरू साहेब स्वतः दारात पॉलिश आणि ब्रश घेऊन बसलेले. त्यानंतर जामियात कोणाचे बूट मळके दिसले नाहीत.

महाराष्ट्राशीही त्यांचा संबंध आला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षणपरिषद बोलाविली. हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे आणि मुलांच्या कामातून शाळेचा खर्च भागावा, असा गांधीजींचा विचार. झाकिर हुसेन यांनी त्यांच्यासमोरच शंका मांडली की, खर्च भागविण्यावर फार भर दिला तर गरीब मुलांना राबवून घेणारे शिक्षक तयार होतील. गांधीजींनी राग मानला नाही. उलट अभ्यासक्रम ठरविणाऱ्या समितीचे अध्यक्षपद ह्याच माणसाकडे दिले. मोठ्यांसमोर अदब राखून आपले मत सांगता येते, ते असे.

मौलाना आझादांची कहाणी निराळी. ते कोणत्याही आधुनिक शाळेत गेले नाहीत, आणि स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. १९४२ ते १९४५ ते अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात कैदेत होते. १९४३ साली त्यांच्या बेगम कलकत्त्यात आजारी पडल्या. सरकारकडे विनंती करायची असेल तर ती वर पाठवितो, असे तुरुंगाधिकाऱ्याने सांगितले. मौलानांनी विनंती केली नाही आणि बेगम त्यांच्या गैरहजेरीतच वारल्या. त्याच किल्ल्यात त्यांनी ‘गुबारे खातिर’मधील पत्रे लिहिली. मंत्री असताना भारतरत्नाचा विषय निघाला, तेव्हा ज्यांनी मान द्यायचा त्यांनीच तो घेऊ नये, असे सांगून त्यांनी नकार दिला, असे सांगितले जाते. शेवटी १९९२ साली तो मरणोत्तर देण्यात आला, त्यांच्या निधनानंतर ३४ वर्षांनी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही तो १९९० साली, निधनानंतर ३४ वर्षांनीच मिळाला. ह्या विलंबाने मौलाना किंवा बाबासाहेब लहान झाले नाहीत. देणाऱ्यांविषयी मात्र त्यातून बरेच कळते. ह्या सन्मानासाठी राष्ट्रपतींकडे शिफारस करतात ते पंतप्रधान. त्यामुळे त्या त्या वेळच्या राजकारणाचा रंग त्याला थोडाफार लागतोच. १९७७ साली मोरारजी देसाईंच्या सरकारने हे सन्मान बंदच केले होते. १९८० साली ते पुन्हा सुरू झाले आणि १९९१ साली खुद्द मोरारजीभाईंना भारतरत्न मिळाले!

खान अब्दुल गफारखान (१९८७) आणि उस्ताद बिस्मिल्लाखान (२००१) ह्यांच्याविषयी बोलायचे तर स्वतंत्र सभा घ्यावी लागेल. बिस्मिल्लाखानांनी जन्मभर एक वाद्य वाजविले आणि पाच वेळची नमाज व बनारसच्या बालाजी मंदिरातला रियाज यांत त्यांना कधी विरोध दिसला नाही, एवढेच सांगून पुढे जातो.

आता डॉ. अब्दुल कलाम. मुलांना त्यांची अग्निबाणे पाठ आहेत. मी पालकांना दुसरी गोष्ट सांगतो. रामेश्वरमच्या ह्या मुलाला मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेत प्रवेश मिळाला, तेव्हा सुमारे हजार रुपयांची गरज होती. वडिलांजवळ एवढी रक्कम नव्हती. मोठी बहीण जोहरा हिने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवून पैसे उभे केले. स्वतःच्या कमाईतून त्या बांगड्या सोडवायच्या, असे कलामांनी तेव्हाच मनाशी ठरविले. १९९७ साली त्यांना भारतरत्न मिळाले. सनदेवर अर्थातच जोहराचे नाव नाही.

पालकहो, आपल्या घरांत भाऊ शिकावा म्हणून बहिणीने दागिना काढून देणे नवे नाही. मी अशी तीन-चार घरे ह्याच गावात दाखवू शकेन. बहीण शिकावी म्हणून भावाने आपली मोटारसायकल विकली, असे मात्र माझ्या अजून ऐकिवात आले नाही. भारतरत्नाच्या ५३ मानकऱ्यांत स्त्रिया पाचच आहेत: इंदिरा गांधी, मदर तेरेसा, अरुणा असफ अली, एम. एस. सुब्बलक्ष्मी आणि लता मंगेशकर. हा दोष सन्मान देणाऱ्यांचा म्हणावा, तर त्याआधी कितीतरी मुली सातवीच्या आणि दहावीच्या उंबरठ्यावर आम्हीच थांबविल्या, त्यांचा हिशेब कोणी ठेवायचा?

गेल्या वर्षी माझ्या वर्गातील एक मुलगी गणितात पहिली आली. आज तिला बक्षीस आहे आणि ते घ्यायला तिचा धाकटा भाऊ आला आहे. ती घरी आहे. तिचे वालिद माझ्या ओळखीचे, सज्जन गृहस्थ आहेत. ‘सर, कॉलेज लांब आहे, जमाना खराब आहे,’ असे ते म्हणतात. त्यांची काळजी खोटी नाही, हे मलाही कळते. पण दहावी होताच मुलाला आखाती देशात पाठविताना ते अंतर आपल्याला लांब वाटत नाही. मुलगा तेथे दुकानात उभा राहतो, चार पैसे पाठवितो, घराला गिलावा होतो. त्या पैशाला मी नावे ठेवीत नाही. ह्या शाळेच्या चार खोल्याही त्याच पैशातून उभ्या राहिल्या आहेत. म्हणणे एवढेच की त्याला आणखी तीन-चार वर्षे द्या. जोहराने हजार रुपये उभे केले ते भाऊ राष्ट्रपती होईल ह्या हिशेबाने नव्हे. त्याला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायची होती, एवढीच गोष्ट तिच्यासमोर होती.

विद्यार्थी मित्रांनो, ग्रंथालयात कलामांचे ‘अग्निपंख’ आहे आणि कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ही आहे. समारंभानंतर एक तास ग्रंथालय उघडे राहील आणि आज पालकांच्या नावावरही पुस्तके दिली जातील. दहावीतल्या मुलींच्या पालकांना माझी विनंती आहे की, जाण्यापूर्वी त्यांनी मला भेटावे. तालुक्याच्या कॉलेजची फी, मुलींच्या वसतिगृहाची चौकशी कोठे करायची ते, सकाळच्या आणि संध्याकाळच्या एस. टी.च्या वेळा, हे सर्व मी एका कागदावर लिहून आणले आहे. गणितात पहिल्या आलेल्या त्या मुलीच्या वालिदांसाठी एक प्रत तिच्या भावाजवळ बक्षिसाबरोबरच देणार आहे.