पहिली हाक सिस्टरची



बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे जगभर मातामृत्यूचं एक मोठं कारण आहे. तो बहुतेक वेळा आधी दिसतो सिस्टरला, डॉक्टरला नाही. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, वैद्यकातला नाही. पण बिघाड आधी कुणाला दिसतो आणि त्याला लगेच काही करायची मुभा आहे का, हा प्रश्न माझ्या कामात रोजचा आहे.

केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या इस्पितळांत ‘ई-मोटिव्ह’ नावाचा मोठा प्रयोग झाला. दोन लाखांहून जास्त बाळंतपणं त्यात होती. निष्कर्ष 2023 मध्ये आले. तोवर रक्त नजरेनं मोजत. चादरीत आणि कापसात मुरलेलं रक्त किती, हे मुरलेल्या डोळ्यालाही कळत नाही. इथं बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावली. 500 मिलिलिटरची रेघ ओलांडली की थांबायचं नाही: गर्भाशय चोळणं, इंजेक्शनं, सलाईन, तपासणी, सगळं एकत्र. पूर्वी एक उपाय करून वाट बघायची, मग दुसरा. नव्या पद्धतीत गंभीर रक्तस्राव, त्यापायी पोटाचं ऑपरेशन किंवा मृत्यू यांचा धोका 60 टक्क्यांनी घटला.

यातलं कुठलंच औषध नवं नव्हतं. सामान एका ट्रॉलीत तयार ठेवलं, सराव वॉर्डातच घेतला, प्रत्येक ठिकाणी पुढाकार घेणारी सुईण आणि डॉक्टर नेमले, आणि वॉर्डाचे आकडे त्याच वॉर्डाला दाखवत राहिले. कपाटाची किल्ली कुणाकडे, हे शोधण्यात बाई दगावू नये, इतकी साधी गोष्ट!

उलट उदाहरणही सांगतो. उत्तर प्रदेशात 29 कलमांची प्रसूतीची यादी प्रशिक्षकांसह दिली होती. 2017 मध्ये निष्कर्ष आले: कामाची पद्धत सुधारली, मृत्यू मात्र घटले नाहीत. प्रशिक्षकांच्या फेऱ्या कमी झाल्या तसं यादी पाळणंही उतरलं. माझ्या मते नुसता कागद पुरत नाही. हाक मारणारी इन्चार्ज सिस्टर हवी आणि तिची हाक ऐकणारे डॉक्टर हवेत.

आता आपल्या घरात येऊ. महाराष्ट्रात सुमारे 95 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. म्हणजे लेबर रूममध्ये कोण उभं आहे, हा आपलाही प्रश्न आहे. सुनेजवळ बाईच हवी, असा आपला हट्ट असतो. पण मुलगी नर्सिंगला जाते म्हणाली की रात्रपाळी आठवते, ‘लग्न कसं जमणार’ आठवतं. मदिनेत जखमींची शुश्रूषा करणाऱ्या रुफैदांचं नाव जलशात मोठ्या अभिमानानं घेतो. त्यांचं काम करायला निघालेल्या पोरीला मात्र घरी बसवतो. हा दुटप्पीपणा अब्बा-अम्मींशी बोलून तुम्हालाच मोडावा लागेल. भावांनो, तुम्हीसुद्धा. रात्रपाळी संपल्यावर बहिणीला आणायला गाडी घेऊन जाणं जड नाही.

आणि वॉर्डात सिस्टर म्हणाली ‘रक्ताची सोय करा’, तर ‘डॉक्टर कुठे आहेत?’ असं विचारत बसू नका. आधी धावा.

जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, त्याला बारावी सायन्सच हवं असं नाही. कुणाला अर्ज भरताना अडचण आली, तर मी जेवणानंतर इथंच आहे. लॅपटॉप आणलाय.