फोटो तुमचा, नकाशा कोणाचा?

मोबाइलवरच्या नकाशात तालुक्याच्या गावातला एखादा दवाखाना शोधला, की त्याच्या नावाखाली फोटोंची पट्टी उघडते. दाराशी पायऱ्या किती आहेत, स्ट्रेचर चढेल असा उतार आहे की नाही, पाटीवर ओपीडीची वेळ काय रंगवली आहे, रिक्षा थेट फाटकापर्यंत जाते की अलीकडच्या बोळातून चालत जावं लागतं, हे सगळं त्या चार-पाच फोटोंत दिसतं. आजाऱ्याला घेऊन निघालेल्या माणसाला नुसत्या पत्त्यापेक्षा या गोष्टी जास्त उपयोगी पडतात. एसटी स्टँडचंही तसंच. भिंतीवरच्या वेळापत्रकाचा कोणीतरी काढलेला फोटो, मग तो थोडा तिरपा का असेना, शेवटची गाडी गाठायला पुरतो. हे फोटो गूगलच्या नोकरांनी काढलेले नसतात. कोणी वाटेवरून जाता जाता काढतो, कोणी दुकानासमोर दोन मिनिटं थांबून काढतो आणि देऊन टाकतो. २०१५पासून गूगल अशा लोकांना ‘लोकल गाइड’ म्हणतं. एका फोटोला ५ पॉइंट, लिहिलेल्या अभिप्रायाला १०, आणि सर्वांत वरच्या, म्हणजे दहाव्या पातळीला १ लाख पॉइंट. नुसत्या फोटोंवर तिथं पोचायचं तर २० हजार फोटो हवेत. एवढं करून हाती काय, तर नावाजवळ एक बिल्ला. तेव्हा या लोकांना फोटोचे पैसे द्यायला नकोत का, असा प्रश्न कोणी विचारला तर तो वावगा नाही. फोटोमागे पैसे देऊ नयेत, असंच माझं मत आहे. पण म्हणून आज जे चाललं आहे ते ठीक आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. फोटो देणाऱ्यांचं देणं कंपनीकडे थकलेलं आहेच. ते रोखीत फिटण्यातलं नाही, एवढंच.

आधी हे देणं खरंच आहे का, ते पाहू. नकाशा सगळ्यांना फुकट मिळतो, मग फोटो काढणाऱ्यालाही त्याचा लाभ झालाच की, असं सहसा सांगितलं जातं. पण नकाशा फोटो देणाऱ्याला जेवढा फुकट, तेवढाच न देणाऱ्यालाही फुकट. मग त्याला फोटोचा मोबदला कसं म्हणायचं? शिवाय फुकट आहे तो तुम्हाआम्हाला. एखाद्या पर्यटन कंपनीला आपल्या ॲपमध्ये या ठिकाणांचे हेच फोटो दाखवायचे असतील, तर गूगल तिच्याकडून पैसे घेतं. या सेवेचा मूळ जाहीर दर कित्येक वर्षं हजार फोटो-मागण्यांना ७ डॉलर असा होता. मोठ्या गिऱ्हाइकांना सूट असते, आणि भारतातल्या विकसकांसाठी २०२४मध्ये वेगळे, कमी दर लागू झाले, ही गोष्ट निराळी. फोटो दाखवताना तो ज्याने दिला त्याचं नाव दाखवलं पाहिजे, अशी अट त्या सेवेत आहे. पैशातल्या वाट्याबद्दल मात्र एक अक्षर नाही. म्हणजे फोटोला बाजारभाव आहे, तो वसूलही होतो, फक्त काढणाऱ्यापर्यंत पोचत नाही. सुरुवातीच्या काळात चौथ्या पातळीवरच्या लोकल गाइडना कंपनीने एक टेराबाइट साठवणुकीची जागा फुकट देऊ केली होती, पुढे ती सवलत बंद झाली. काहीतरी द्यायला हवं, हे कंपनीलाही एके काळी वाटत होतं, असा त्याचा अर्थ कोणी लावला तर त्याला दोष देता येणार नाही.

मग द्यावेत ना पैसे! इथे मला पहिली अडचण दिसते ती माणसाच्या मनाची. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकीनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०००मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. इस्रायलमध्ये शाळकरी मुलं घरोघर जाऊन चांगल्या कामांसाठी वर्गणी गोळा करतात. दोघादोघांच्या जोडीने जाणाऱ्या त्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला नुसतं कामाचं महत्त्व समजावून सांगितलं, दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या १ टक्का आणि तिसऱ्याला १० टक्के मोबदला देऊ केला. तोही वर्गणीतून कापून नव्हे, प्रयोगकर्त्यांच्या पदरचा. फुकट काम करणाऱ्या जोड्यांनी सरासरी सुमारे २३९ शेकेल जमवले, १० टक्केवाल्यांनी २१९ आणि १ टक्केवाल्यांनी जेमतेम १५४. चिमूटभर पैसा हातावर ठेवला की माणूस हौसेने करत असलेल्या कामाचा हिशेब मांडू लागतो, आणि तो हिशेब कधीच जुळत नाही. आता नकाशातल्या फोटोला काय मिळेल ते पाहा. आपल्या फोटोचा वाटा म्हणून हजार मागण्यांचे सगळेच्या सगळे ७ डॉलर हाती पडले असं धरलं, तरी एका मागणीला एका सेंटहून कमी पडतात. दवाखान्याच्या त्या उताराचा फोटो वर्षभरात किती जण मागतील? म्हणजे फोटोमागे पैसे दिलेच, तर ते त्या १ टक्केवाल्या मुलांच्या मोबदल्यासारखेच असणार. हौस मोडायला पुरेसे, पोट भरायला अपुरे.

दुसरी अडचण मला याहून मोठी वाटते, आणि तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. पैसा बघ्यांच्या मागे जातो. गेटवे ऑफ इंडिया किंवा शनिवारवाडा यांचे फोटो सर्वांत जास्त पाहिले जाणार, म्हणजे कमाईही तिथेच. आणि नकाशाला त्या ठिकाणी आणखी एका फोटोची काडीइतकीही गरज नाही. ज्या ग्रामीण रुग्णालयाचा, ज्या रेशन दुकानाचा, ज्या फाट्यावरच्या बसथांब्याचा एकही फोटो नाही, तिथला फोटो वर्षात वीसच माणसं पाहतील. पण त्या विसांना तो सोन्यासारखा वाटेल. बघ्यांच्या संख्येवर मोबदला ठरवला, तर गर्दीच्या जागी आणखी गर्दी आणि ओसाड जागी ओसाडीच. बरं, संख्येवर न ठरवता प्रत्येक फोटोला ठरावीक रक्कम द्यायची म्हटलं, तर एकाच शटरचे पंधरा कोनांतून पंधरा फोटो येतील. नुसत्या पॉइंटांसाठीही असे ढीग पडतात, हे नकाशा चाळणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. जिथे पैसा गुंतलेला आहे त्या अभिप्रायांची अवस्था तर उघडच आहे. धोरणाविरुद्धचे म्हणून गूगलने एकट्या २०२३ साली १७ कोटींहून जास्त अभिप्राय अडवले किंवा काढून टाकले. त्यातले सगळेच भाडोत्री नसतील. पण असतील शितं तर जमतील भुतं, हे खरंच.

यावर एक रास्त आक्षेप येतो. हौस, निष्ठा, निर्मळ आनंद हे शब्द पोटभर जेवलेल्यांच्या तोंडी शोभतात. ज्याला घामाचे पैसे हवेत त्याला हे ऐकवणं म्हणजे कंपन्यांची वकिली. हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही, कारण स्वयंसेवेच्या नावाखाली चाकरी करून घेतल्याचं उदाहरण समोर आहे. अमेरिकेत अमेरिका ऑनलाइन, म्हणजे एओएल या कंपनीच्या गप्पांच्या खोल्या १९९०च्या दशकात हजारो स्वयंसेवक सांभाळत. त्यांना आठवड्याचे तास नेमून दिलेले होते, कामाचे अहवाल द्यावे लागत, प्रशिक्षण घ्यावं लागे. बदल्यात इंटरनेटचं खातं फुकट किंवा स्वस्तात मिळे. त्यांच्यापैकी काहींनी १९९९मध्ये किमान वेतनासाठी दावा लावला आणि अखेर कंपनीने दीड कोटी डॉलर देऊन तडजोड केली. या प्रकरणातून मला एक रेघ स्पष्ट दिसते. कुठे जायचं, काय करायचं आणि केव्हा करायचं हे तुम्ही ठरवलंत तर ती हौस. कंपनीने ठरवलं आणि हिशेब मागितला तर ती नोकरी, मग तिला नाव काहीही द्या. आग्नेय आशियात ग्रॅब ही कंपनी आपल्या चालकांकडून रस्त्यांचे फोटो काढून घेते आणि त्याचे पैसे देते, ते योग्यच आहे. आपल्याकडे २०२२मध्ये रस्त्यांचे फोटो दाखवणारं गूगलचं स्ट्रीट व्ह्यू दहा शहरांत सुरू झालं, त्यात मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगरही होतं. ते फोटो जेनेसिस आणि टेक महिंद्रा या कंपन्यांनी कॅमेरे लावून काढले, आणि ते सरळ धंद्याचं काम होतं. उद्या एखादी कंपनी हौशी माणसाला ‘या गल्लीतल्या साठ दुकानांचे फोटो शुक्रवारपर्यंत हवेत’ असं सांगू लागली, तर तिथे मजुरी दिलीच पाहिजे, आणि तीही पुरेशी. दहा रुपये हातावर टेकवून भागणार नाही.

मग उरलेल्या हौशी फोटोंचं देणं कसं फेडायचं? गावात श्रमदानाने बांध घातला तर कोणी मजुरी मागत नाही, कारण बांध गावाच्या शिवारात राहतो आणि अडवलेलं पाणी गावाच्या विहिरींना लागतं. तोच बांध उद्या कोणाच्या कुंपणाआड गेला, तर त्याच श्रमदानाला लोक वेठ म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील. नकाशाच्या बाबतीत हे कुंपण खरोखर घातलं गेलेलं आहे. पॅनोरामिओ नावाचं एक संकेतस्थळ होतं. जगभरच्या हौशी लोकांनी तिथे नकाशावर ठिकाणांचे फोटो लावले होते. २००७मध्ये ते गूगलने विकत घेतलं आणि २०१६मध्ये बंद केलं. लोकांना नकाशात भर घालू देणाऱ्या गूगल मॅप मेकरवर भारतातल्या लोकांनी कितीतरी गावांचे रस्ते आखले, ते २०१७मध्ये बंद झालं. रस्ते कंपनीच्या नकाशात राहिले, आखणाऱ्यांच्या हाती ते आले नाहीत. याउलट २००४मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच बनवलेल्या नकाशाची सगळी माहिती कोणालाही उतरवून घेता येते, वापरता येते, वापरून धंदाही करता येतो. श्रेय देण्याची आणि सुधारलेली माहिती पुन्हा खुली ठेवण्याची तेवढी अट आहे. २०१५च्या नेपाळ भूकंपात जगभरच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या तिथले रस्ते आणि घरं या नकाशावर उतरवली आणि मदत पथकांनी ती लगेच वापरली. त्यासाठी कोणाच्या परवानगीचा अर्ज करावा लागला नाही. मॅपिलरी ही स्वीडनमध्ये सुरू झालेली रस्त्यांच्या फोटोंची कंपनी २०२०मध्ये फेसबुकने घेतली तेव्हा अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण तिथले फोटो आधीपासून खुल्या परवान्याखाली असल्यामुळे मालक बदलला तरी फोटोंवरचा लोकांचा हक्क गेला नाही. माझ्या मते, फोटो देणाऱ्यांना मिळायला हवा तो याच जातीचा मोबदला.

कंपनी म्हणेल की साठवणुकीचा आणि छाननीचा खर्च आम्ही करतो, मग प्रतिस्पर्ध्याला फोटो आयते का द्यावेत? खर्च खरा आहे आणि तो वसूल करण्याचा कंपनीचा हक्कही मान्य. पण सेवेचे पैसे घेणं वेगळं आणि लोकांनी दिलेल्या फोटोंवर मक्ता ठेवणं वेगळं. सगळ्यांचे फोटो सक्तीने खुले करा, असंही माझं म्हणणं नाही. घरासमोरचा फोटो जगाला मोकळा करायचा की नाही, हे देणाऱ्यानेच ठरवावं. फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर २००४पासून फोटो चढवताना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे इतरांनाही फोटो वापरू देणारा, परवाना निवडता येतो. तशीच एक चौकट नकाशाच्या ॲपमध्ये हवी: हा फोटो फक्त या नकाशासाठी, की सर्वांसाठी. ज्यांनी ‘सर्वांसाठी’ म्हटलं ते सगळे फोटो, जागेच्या अक्षांश-रेखांशासह, एखाद्या ग्रामपंचायतीला किंवा अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थेला एकगठ्ठा उतरवून घेता यायला हवेत. आज स्वतःचे फोटो परत घेता येतात, पण असा गठ्ठा बाहेर नेण्याची वाट नाही.

आणि हे होईपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. गूगलला आपण फोटो देतो तेव्हा मालकी आपल्याकडेच राहते आणि कंपनीला मिळतो तो परवाना एकट्या तिचा नसतो. म्हणजे एसटी स्टँडच्या वेळापत्रकाचा तोच फोटो ओपनस्ट्रीटमॅपवर स्टँडची माहिती भरायला वापरता येतो, आणि दवाखान्याच्या उताराचा फोटो विकिमीडिया कॉमन्स या खुल्या संग्रहात खुल्या परवान्याखाली ठेवता येतो. दोन मिनिटं जास्त जातात, आणि त्याचे पॉइंट मिळत नाहीत.