मंद वाढणारी गाठ आणि वेळेवर निदान



वर्ध्याजवळील सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात सभोवतालच्या खेड्यांतून रुग्ण येतात. पोटदुखी व जुलाब या ग्रामीण भागातील नित्याच्या तक्रारी होत. जंत, आमांश व दूषित पाणी ही त्यांची नेहमीची कारणे. क्वचित मात्र त्यांमागे लहान आतड्यातील न्यूरोएंडोक्राइन अर्बुद असते. हा विकार विरळा असला तरी तो वर्षानुवर्षे दुसऱ्याच नावाने ओळखला जातो, हा त्याचा खरा धोका आहे.

म्यूनिक येथील विकृतिशास्त्रज्ञ सिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी १९०७ साली या गाठींना ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगासारख्या, असे नाव दिले. त्या निरुपद्रवी असतात, अशी त्यांची समजूत होती. त्या शरीरात पसरू शकतात, हे १९२९ मध्ये त्यांनी स्वतःच मान्य केले.

या गाठी सिरोटोनिनसारखी द्रव्ये स्रवतात. आतड्यातून आलेले सिरोटोनिन यकृत नष्ट करते. त्यामुळे प्रारंभी, फार तर, अधूनमधून पोटात कळा येतात. रोग यकृतात पसरला की ही द्रव्ये थेट रक्तात मिसळतात. मग चेहरा अकस्मात तापतो व लाल होतो, जुलाब थांबत नाहीत आणि हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपाही निकामी होऊ लागतात. सावळ्या वर्णावर ही लाली सहज दिसत नाही.

जनुकीय संशोधनाने यावर काही प्रकाश टाकला आहे. निम्म्याहून अधिक गाठींत अठराव्या गुणसूत्राची एक प्रत नाहीशी झालेली असते. २०१३ मध्ये सीडीकेएन१बी या जनुकातील बिघाड सुमारे ८ टक्के गाठींत आढळला. हा रोग बहुधा आनुवंशिक नसतो. मोजक्या कुटुंबांत मात्र तो एकाहून अधिक व्यक्तींना झालेला आहे.

गाठ आतड्यापुरती असेल तर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय होय. पसरलेल्या रोगात या पेशींच्या पृष्ठभागावरील सोमॅटोस्टॅटिनच्या ग्राहींचा उपयोग होतो. त्यांना चिकटणाऱ्या औषधाला ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी द्रव्य जोडले जाते. ते सुमारे पावणेसात दिवसांत निम्मे होते व त्याचे उपचारक किरण जेमतेम दोन मिलिमीटर जातात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या २२९ रुग्णांच्या चाचणीत, वीस महिन्यांनंतर रोग न वाढलेल्यांचे अंदाजित प्रमाण या उपचाराने सुमारे ६५ टक्के, तर तुलनेच्या गटात ११ टक्के होते. हे द्रव्य तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत तयार होते आणि परळच्या किरणोत्सार वैद्यक केंद्रात रुग्णांना दिले जाते.

उपचार राज्यातच आहे. परंतु रुग्णाने तेथवर पोहोचले पाहिजे. महिनोन्‌महिने जुलाब, जेवणानंतर वारंवार कळा किंवा कारणाविना चेहरा तापणे अशी तक्रार असलेला गावकरी पुन्हा पुन्हा त्याच गोळ्या घेत असेल, तर शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवावे. गाठ सावकाश वाढते, हीच रुग्णाला लाभलेली सवड होय. ती वाया जाऊ नये.