पडद्यावरचा वर्ग आणि हरवलेले सहाध्यायी

(उच्च शिक्षणातील ऑनलाईन व संमिश्र अध्ययनाच्या अनुभवांविषयी एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी शिक्षणतज्ज्ञ नाही, पत्रकार आहे. कला शाखेची पदवी घेतली आणि पुढचे सारे आयुष्य लोकांना प्रश्न विचारण्यात गेले. त्यामुळे आज माझ्याकडून सिद्धान्ताची अपेक्षा करू नका. गेल्या काही वर्षांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांशी जे बोलणे झाले, त्यातून जे उमगले ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच हेतू आहे.

आपल्याकडे एक जुने सुभाषित आहे. त्याचा आशय असा, की विद्येचा एक पाद शिष्याला आचार्यांकडून मिळतो, एक पाद तो स्वतःच्या बुद्धीने मिळवतो, एक पाद सहाध्यायांकडून मिळतो आणि उरलेला पाद काळच शिकवतो. शिक्षणशास्त्राचे जाडजूड ग्रंथ जे सांगतात ते या चार पादांत सामावले आहे. आजच्या विषयाकडे पाहताना मी हीच मोजपट्टी हाती घेणार आहे. पडद्यावरून शिकताना या चारांपैकी काय विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते आणि काय वाटेत सांडते?

दूरशिक्षण आपल्याला नवे नाही

पुष्कळांचा समज असा आहे की घरबसल्या शिकणे ही कोरोनाकाळाची देणगी आहे. तसे नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्राद्वारे शिक्षण सुरू केले. १९८४ च्या स्वातंत्र्यदिनापासून दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दिसू लागले. पुढच्याच वर्षी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ उभे राहिले आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद आपण सर्वांनी ऐकलेले आहे.

या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले आणि त्यांचे सहकारी यांनी एक गोष्ट नीट ओळखली होती. पुस्तक घरी पाठवले म्हणजे शिक्षण घरी पोहोचले असे होत नाही. म्हणून गावोगावी अभ्यासकेंद्रे आली, संपर्कसत्रे आली, आणि 'समंत्रक' हा सुंदर शब्द आला. समंत्रक हा व्याख्याता नव्हे. विद्यार्थी घरी वाचून आला, त्याचे कुठे अडले हे विचारणारा तो माणूस. नोकरी सांभाळून, चूल सांभाळून, रविवारच्या संपर्कसत्राला एस.टी.ने येणाऱ्या भगिनी मी पाहिल्या आहेत. त्या केवळ अभ्यासासाठी येत नसत. आपल्यासारख्याच शिकणाऱ्या चार जणी तिथे भेटतात, म्हणून येत. सहाध्यायांचा पाद तो हाच.

हे शहाणपण आपल्या गाठीशी होते. संकट आले तेव्हा मात्र ते गाठोडे घरीच राहिले.

टेकडीवरचा परीक्षार्थी

मार्च २०२० च्या मध्यास महाराष्ट्रातील महाविद्यालये बंद झाली. रातोरात वर्ग भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आला. प्राध्यापकांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनाही कुणी शिकवले नव्हते. अमेरिकेतील काही अभ्यासकांनी त्याच महिन्यात बजावले होते की, हे जे चालले आहे त्याला ऑनलाईन शिक्षण म्हणू नका, ही आपत्कालीन व्यवस्था आहे. महापुरात शाळेत केलेली मुक्कामाची सोय म्हणजे घर नव्हे, तसेच हे होते.

आणि ती सोय तरी किती जणांना होती? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीचे, म्हणजे २०१७-१८ चे आकडे पाहा. इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे शहरांत सुमारे ४२ टक्के, तर ग्रामीण भागात सुमारे १५ टक्के होती. संगणक असलेली ग्रामीण कुटुंबे तर पाच टक्क्यांनाही पोहोचत नव्हती. मुंबईच्या आयआयटीने जून २०२० मध्ये पुढील सत्र पूर्णतः ऑनलाईन घेण्याचे जाहीर केले, तेव्हा गरजू विद्यार्थ्यांना संगणक आणि इंटरनेट मिळावे यासाठी संचालकांना समाजाकडे आर्थिक साहाय्याचे आवाहन करावे लागले. देशातील अग्रगण्य संस्थेची ही स्थिती, तर तालुक्याच्या कला महाविद्यालयाचे काय?

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव भागातला एक विद्यार्थी मला भेटला. त्याच्या घरातील पहिला पदवीधर. अंतिम वर्षाच्या परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिला आणि ऑक्टोबरमध्ये परीक्षा झाल्या. बहुतेक ठिकाणी त्या पर्याय निवडण्याच्या होत्या. हा मुलगा पाड्यामागच्या टेकडीवर जाऊन बसला, कारण 'रेंज' तिथेच होती. दोनदा संपर्क तुटला, पाऊस आला, डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरून त्याने उत्तरे भरली. मी विचारले, "पेपर अवघड होता का रे?" तो म्हणाला, "सर, पेपर सोपा होता. टेकडी अवघड होती."

दुसरी आठवण पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरातली. बहीण वाणिज्य शाखेला, भाऊ अभियांत्रिकीला आणि घरात चालू फोन एकच. तास एकाच वेळी असले की फोन भावाकडे जाई. बहीण रात्री अकरानंतर, सारे झोपल्यावर, कानात यंत्र घालून ध्वनिमुद्रित तास ऐके. "त्याचा कोर्स कठीण आहे ना," एवढेच ती म्हणाली. तिने तक्रार केली असती तर मला कमी बोचले असते. आपल्यासारख्या सुसंस्कृत म्हणवणाऱ्या घरांत हे घडले, म्हणून मुद्दाम सांगतो. पुढच्या वेळी फोन कुणाच्या हाती राहील, हे ठरवणारे आपणच असतो.

जे मिळाले तेही सांगितले पाहिजे

केवळ रडगाणे गाणे हा सत्याचा अपलाप ठरेल. विद्यार्थ्यांना या पद्धतीने काही दिलेही आहे. मराठी माध्यमातून आलेला, वर्गात उभे राहून प्रश्न विचारायला बिचकणारा मुलगा पडद्याच्या कोपऱ्यात मराठीत दोन ओळी टंकून शंका विचारू लागला. एकदा ऐकून न समजलेले व्याख्यान तीनदा ऐकता येऊ लागले. वर्गातले सर तिसऱ्यांदा सांगताना वैतागतात, चित्रफीत वैतागत नाही. २००३ पासून आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी 'एनपीटीईएल' या उपक्रमातून, तर २०१७ पासून 'स्वयम्' या शासकीय व्यासपीठाने देशातल्या नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने कोणाही विद्यार्थ्याला खुली केली. गडचिरोलीचा विद्यार्थी आणि पवईचा विद्यार्थी एकाच आचार्यांचे व्याख्यान ऐकू शकतो, ही लहान गोष्ट नव्हे. आचार्यांकडून मिळणारा पाद तारेतून वाहून नेता येतो, हे आता सिद्ध झाले आहे.

पण स्वतःच्या बुद्धीचा पाद? अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २०१२ साली विद्युत मंडलांविषयीचा खुला ऑनलाईन अभ्यासक्रम घेतला. सुमारे १ लाख ५५ हजार जणांनी नावे नोंदवली आणि सुमारे ७ हजार उत्तीर्ण झाले. नाव नोंदवणारे सारेच पदवीसाठी आलेले नसतात, हे खरे. तरीही एकटा माणूस एकट्याच्या बळावर किती टिकतो, याचा अंदाज येतो. गुरूची मूर्ती समोर ठेवून धनुर्विद्या साधणारा एकलव्य आपल्याला वंदनीय आहे. पण प्रत्येक विद्यार्थी एकलव्य असेल असे धरून व्यवस्था उभारली, तर चुकते ती व्यवस्था, विद्यार्थी नव्हे.

काळी चौकट आणि एक थेंब

एका प्राध्यापिका भगिनींनी सांगितलेला प्रसंग ऐका. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात पडद्यावर साठ काळ्या चौकटी आणि त्यांत नावे. कुणी कॅमेरा लावत नसे. कारण आळसच असे, असे नाही. मागे दिसणारी भिंत, आजारी आजोबा, भांडी घासणारी आई जगाला दाखवायची नसे. एके दिवशी तास संपला, सारे निघून गेले, एक नाव तसेच राहिले. बाईंनी विचारले, "काही शंका आहे का?" थोड्या वेळाने उत्तर आले, "नाही मॅडम. कुणाशी तरी बोलावेसे वाटत होते."

मित्रहो, या एका वाक्यात सहाध्यायांचा हरवलेला पाद आहे. महाविद्यालय म्हणजे केवळ तास नव्हे. कट्टा आहे, ग्रंथालयातील टेबल आहे, वसतिगृहातील रात्रीची चर्चा आहे, एन.एस.एस.चे शिबिर आहे. "हे तुला कळले का रे?" असे निःसंकोच विचारता येते ते शेजारी बसणाऱ्यालाच.

चौथा पाद काळाचा. तो सरावातून येतो. रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने मला हे फार छान समजावले. ब्युरेटमधून आम्लात अल्कली थेंबाथेंबाने सोडायचे. शेवटच्या एका थेंबाने द्रावण फिकट गुलाबी होते. तिथे हात थांबला पाहिजे. ती म्हणाली, "चित्रफितीत आम्ही हे दहा वेळा पाहिले. प्रयोगशाळेत पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळ्यांचेच द्रावण गडद गुलाबी झाले. डोळ्याला माहीत होते, हाताला माहीत नव्हते." डोळ्याचे ज्ञान हातात उतरायला जो वेळ लागतो, तो पडद्यावर वाचवता येत नाही.

संमिश्र म्हणजे काय?

संकट ओसरले, पण पद्धत राहिली. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये संमिश्र अध्ययनाचा आराखडा मांडला. त्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाईन आणि उरलेला प्रत्यक्ष शिकवावा, अशी कल्पना होती. प्रश्न टक्क्यांचा नाही. कोणते चाळीस आणि कोणते साठ, हा प्रश्न आहे.

जे सांगण्यासारखे आहे ते खुशाल पडद्यावर द्यावे. त्यातून वाचलेला प्रत्यक्ष वेळ शंका, वाद, प्रयोग, क्षेत्रभेट आणि एकत्र वाचन यांसाठी वापरावा. मद्रासच्या आयआयटीने २०२० साली सुरू केलेल्या विदाशास्त्राच्या ऑनलाईन पदवीत व्याख्याने घरी ऐकायची, पण परीक्षेला मात्र केंद्रावर प्रत्यक्ष जायचे, अशी योजना आहे. कुठे माणूस समोर हवा, याचा तिथे विचार झाला आहे.

याउलट प्राध्यापकाची जागा रिकामी आहे, म्हणून दुवा पाठवला, वर्गखोली नाही, म्हणून 'घरूनच ऐका' म्हटले, याला संमिश्र शिक्षण म्हणता येणार नाही. ती काटकसर आहे आणि तिचा भार सर्वांत दुबळ्या विद्यार्थ्याच्या खांद्यावर पडतो. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली, पुस्तके आणि शिकलेले पालक आहेत, तो कसाही तरून जाईल. टेकडीवरचा मुलगा आणि रात्री अकराची बहीण यांना मात्र महाविद्यालय नावाची जागाच तारून नेते. त्यांच्यासाठी वर्ग ही चैन नाही, समतेची ती पहिली पायरी आहे.

आपण काय करू शकतो?

शासन आपल्या गतीने करील. समाजाने हात बांधून बसण्याचे कारण नाही. आपल्या शहरांत अभ्यासिकांची चांगली परंपरा आहे. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी आपण त्या चालवतोच. त्यांतील एक कोपरा पदवीच्या विद्यार्थ्यांना देता येईल. चांगले इंटरनेट, दोन संगणक आणि आठवड्यातून एक संध्याकाळ एवढे पुरे. 'स्वयम्'चा एखादा अभ्यासक्रम पाच-सहा मुलांनी एकत्र बसून ऐकावा आणि निवृत्त शिक्षकाने समंत्रक म्हणून तासभर त्यांच्यात बसावे. त्याला सारे उत्तर यायलाच हवे असे नाही. "कुठे अडले?" एवढे विचारता आले तरी पुष्कळ. या सभागृहात असे किमान पंधरा निवृत्त शिक्षक मला दिसत आहेत.

आणि घरात? मूल पडद्यासमोर बसले की "सारखा मोबाईल!" एवढेच आपण म्हणतो. त्याऐवजी रात्रीच्या जेवणाला "आज काय ऐकलेस, मला सांग," असे म्हणून पाहा. सांगताना त्याला स्वतःलाच कळेल की काय समजले आणि काय नाही. निदान एका पादाची भरपाई तिथे होईल. मुलीलाही तेच विचारा, आणि फोन तिच्याही हाती वेळेवर पोहोचतो ना, हेही पाहा.

धडगावचा तो मुलगा आज एका आश्रमशाळेत शिकवतो. मागच्या भेटीत त्याने सांगितले की दुसऱ्या पाड्यांतून महाविद्यालयात जाणारी पाच-सहा मुले रविवारी त्याच्या खोलीवर अभ्यासाला येतात. मी विचारले, "तिथे रेंज आहे का?" तो हसला. "थोडी आहे सर. पण आता टेकडीवर कुणी एकटे जात नाही."